कुलवृत्तान्तातील फुली

चिंतामण गोविंद कोठनीस यांनी भूमी अभिलेख खात्यात चौतीस वर्षे नकाशे सांभाळले. त्या चौतीस वर्षांत त्यांच्या हातून एकही नकाशा चुकीच्या कप्प्यात गेला नाही, असे निवृत्तीच्या समारंभात साहेब म्हणाले. घरी आल्यावर चिंतामणरावांनी पत्नीला सांगितले, की हे विधान तंतोतंत खरे नाही. एकदा एक नकाशा गेला होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो शोधून जागेवर ठेवला होता.

"मग तसं तिथंच सांगायचं होतं," मालिनीबाई हसून म्हणाल्या.

"सांगणार होतो. पण वक्त्यांची यादी आधीच ठरलेली होती."

पंचवटीत हिरावाडीच्या अंगाला त्यांचे तीन खोल्यांचे घर होते. एकुलता मुलगा आल्हाद सातपूरच्या एका कारखान्यात नोकरीला होता. तो नाशिकरोडला राहत असे आणि दर रविवारी बायको व मुलगी यशश्री यांना घेऊन जेवायला येई. चिंतामणरावांच्या आयुष्यात दुःखाला शिरायला जागा दिसत नव्हती. ते शिरले ते आडनावावाटे.

कोठनीस हे आडनाव तसे विरळ आहे. देवळा, वणी आणि पेठ या भागांत मिळून पन्नासएक घरे, बाकीची पार इंदूर-बडोद्यापर्यंत पांगलेली. किल्ल्यावरच्या धान्यकोठीची देखरेख ज्याच्याकडे असे तो कोठनीस. जुन्या कागदांत या आडनावाची दोन माणसे नावानिशी सापडतात. एक त्र्यंबक कोठनीस. वेढ्याच्या पाचव्या महिन्यात गडावरचे धान्य संपत आले, तेव्हा त्यांनी प्रथम आपल्या घरचा शिधा बंद केला आणि तटावरच्या शिपायांच्याही आधी उपासाने प्राण सोडला. दुसरा त्यांचा चुलतभाऊ विसाजी. तो कोठीची किल्ली घेऊन गड उतरला, एवढेच एका पत्रात आहे. कोणाकडे गेला आणि कशासाठी, ते नाही. पुढे कोणा नाटककाराने हे दोघे एकत्र कालवून सखोपंत कोठनीस नावाचा तिसराच मनुष्य उभा केला. हा सखोपंत उपाशी शिपायांसमोर बसून जेवतो आणि तिसऱ्या अंकात शत्रूला दरवाजा उघडून देतो. नाटक जुने झाले, लोक विसरले. परंतु दहा वर्षांपूर्वी त्यावरून दूरचित्रवाणीची मालिका निघाली आणि रोज संध्याकाळी सखोपंत घरोघर जेवायला बसू लागला. काम करणारा नट कसलेला होता. प्रत्येक भागात तो एकदा मोठ्याने ढेकर देई, आणि प्रेक्षकांना तो ढेकर फार आवडे.

यशश्री तेव्हा चौथीत होती. मधल्या सुट्टीत ती वर्गात शिरली, की कोणीतरी ओरडे, "डबे झाका रे, कोठनीस आली!" आणि मागच्या बाकावरून ढेकर येत. प्रथम ती डबा तसाच परत आणू लागली. मग नेईनाशी झाली. दिवाळीपर्यंत तिचे वजन साडेतीन किलोंनी उतरले.

एका रविवारी जेवणे झाल्यावर आल्हादने विषय काढला.

"आप्पा, मी आडनाव बदलतोय. राजपत्रासाठी अर्ज दिलाय."

चिंतामणराव सुपारी कातरत होते. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "मालिका आहे ती. वर्षभरात संपेल. तेवढ्यासाठी आडनाव संपवायचं?"

"वर्षभरात तिची चौथीही संपेल, आप्पा. ती मला परत कोण देणार?"

"सखोपंत नावाचा माणूस कधी झालाच नाही. माझ्याजवळ पुरावे आहेत."

"ते त्या पोरांना जाऊन दाखवा," आल्हाद म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "पेठकर लावणार आहे."

पेठकर हे मालिनीबाईंचे माहेरचे आडनाव. चिंतामणरावांनी पत्नीकडे पाहिले. त्या ताटे उचलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. त्यांना आधीपासून ठाऊक होते, हे त्यावरून कळले. त्या दिवशी कोणी भांडले नाही. पण पुढच्या रविवारी आल्हाद आला तेव्हा चिंतामणराव वाचनालयात गेले होते, त्याच्या पुढच्याही रविवारी गेले होते, आणि हळूहळू रविवार बंद झाले. मालिनीबाई मंगळवारी दुपारी बसने नाशिकरोडला जात, अंधार पडायच्या आत परत येत. कोठे गेली होतीस, असे चिंतामणरावांनी कधी विचारले नाही. जाऊ नकोस, असेही कधी म्हटले नाही.

मालिका यथाकाल संपली. लोक दुसऱ्या मालिकेकडे वळले आणि सखोपंताचा ढेकर हवेत विरला. चिंतामणरावांच्या कानात मात्र तो राहिला. दोन वर्षांनी त्यांनी कोठनीस कुलवृत्तान्ताचे काम हाती घेतले.

कुलवृत्तान्त म्हणजे एका कुळातल्या सर्व घराण्यांची वंशावळीसह छापलेली माहिती. घरोघर माहितीपत्रके पाठवायची, ती भरून आली की पिढ्या जुळवायच्या, कोण कोणाचा नातू ते ठरवायचे आणि शेवटी जाडजूड ग्रंथ छापायचा. असल्या कामासाठी जी चिकाटी लागते, ती त्यांच्या अंगी होती. ग्रंथाच्या पहिल्या भागात त्यांनी त्र्यंबक, विसाजी आणि सखोपंत या तिघांना वेगळे करून दाखविले. सखोपंत हा केवळ कल्पनेतला मनुष्य आहे, हे सिद्ध करायला अठ्ठावीस पाने लागली. दुसऱ्या भागात वंशावळी. त्यासाठी त्यांनी एकवीस नियम केले. सातवा नियम असा, की ज्यांनी आडनाव बदलले आहे त्यांची नोंद त्यांनी स्वतः कुलनामासह सही केलेले माहितीपत्रक मुदतीत पाठविल्यासच होईल.

पुतण्या ललित संगणकावर टंकलेखन करी. त्याने हा नियम वाचून विचारले, "आप्पाकाका, आडनाव बदललेले आपल्यात किती आहेत?"

"नियम संख्येवर ठरत नाहीत," चिंतामणराव म्हणाले.

असा मनुष्य एकच होता. त्याने यावे, समोर बसावे आणि या घरात पुन्हा एकदा कोठनीस म्हणून सही करावी, एवढ्यासाठी तो नियम होता. मुलाला बोलावण्याची दुसरी रीत चिंतामणरावांना येत नव्हती. त्यांनी कोरे माहितीपत्रक पेठकर यांच्या पत्त्यावर इतरांसारखेच टपालाने पाठविले, आणि पाच वर्षे ते वाट पाहत राहिले.

सहाव्या वर्षी मालिनीबाईंचे हृदय थकले. जिना चढणे बंद झाले, मग मंगळवारची बस बंद झाली. आता आल्हादच मंगळवारी येऊ लागला. तो आतल्या खोलीत आईजवळ बसे आणि चिंतामणराव बाहेरच्या खोलीत मुद्रिते तपासत. तपासण्याची त्यांची पद्धत ठरलेली होती. ते हस्तलिखित मोठ्याने वाचीत आणि मालिनीबाई छापील मजकुरावर बोट ठेवून चालत. आता त्या अंथरुणात उशीला टेकून बोट ठेवीत. एकदा नाव जुळवता जुळवता त्या म्हणाल्या, "एवढी तीनशे घरं गोळा केलीत. आपलं कधी करणार?"

"पत्रक आलं की."

"आणि नाही आलं तर?"

चिंतामणरावांनी पुढचे नाव वाचले.

माहितीपत्रकांची मुदत एकतीस मार्चला संपली. चार एप्रिलला रविवार होता. सकाळी दहाच्या सुमारास ललित टेबलाशी बसला असताना दारात आल्हाद उभा राहिला. त्याच्या हातात ते पत्रक होते. आईने त्याला शपथ घातली असावी. सहा वर्षे जपून ठेवलेला तो कागद घड्यांवर पिवळा पडला होता, पण प्रत्येक रकाना भरलेला होता. कुलनाम कोठनीस, विद्यमान आडनाव पेठकर. पत्नी, कन्या, शिक्षण, जन्मतिथी. खाली सही: आल्हाद चिंतामण कोठनीस.

"बस," चिंतामणराव म्हणाले.

त्यांनी चष्मा पुसला आणि पट्टी ठेवून पत्रक ओळीओळीने तपासले. उणे काही निघाले नाही. सहीवर आल्यावर दोन क्षण पट्टी तेथेच राहिली. उठावे, त्याच्या पाठीवर हात ठेवावा, असे त्यांना वाटले. पण समोर ललित बसला होता, आणि त्याच आठवड्यात वणीच्या एका कोठनीसांना व इंदूरच्या दोघांना त्यांनी मुदत संपल्याचे कळविले होते. ती पत्रे ललितनेच टंकलिखित केली होती. आपल्या मुलासाठी नियम वाकविला, असे उद्या कोणी म्हणाले तर ते मुलालाच लागेल, असाही विचार त्यांच्या मनात आला. खरोखर आला.

"सर्व बरोबर आहे," ते म्हणाले. "पण मुदत एकतीस तारखेला संपली. पुरवणी निघेल, तिच्यात घेऊ."

ललितने बोटे आवरली. कळफलकाचा आवाज थांबला.

"आप्पाकाका, अहो चारच दिवस झालेत. अजून पानं लागलेली नाहीत. मी घालतो की."

"वणीवाल्यांना काय सांगशील?"

"बरं," आल्हाद म्हणाला. तो उठून आत गेला, आईजवळ थोडा वेळ बसला आणि चहा न घेता निघून गेला. चिंतामणरावांनी पत्रकावर आवक क्रमांक घातला आणि 'पुरवणी' असे लिहिलेल्या नव्या धारिकेत ते लावले. त्या धारिकेत तेवढे एकच पत्रक होते.

ललित गेल्यावर मालिनीबाईंनी हाक मारली. त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या.

"अहो, चार दिवस."

"नियम सर्वांना सारखा असतो."

"तो सर्वांतला आहे का?"

याला उत्तर होते, पण ते ऐन वेळी जिभेवर आले नाही. पुढे ते सांगण्याचे राहिले, कारण श्रावणात मालिनीबाई गेल्या.

आल्हादने सर्व विधी केले. रामकुंडावर दहाव्याला गुरुजींनी गोत्र विचारले, तेव्हा बाप आणि मुलगा दोघांच्या तोंडून ते एकदमच निघाले. आडनाव गुरुजींनी विचारले नाही. तेथे ते लागत नाही. तेरा दिवस आल्हाद रोज येत होता. डबा आणला आहे, भटजींना निरोप दिला आहे, सतरंज्या परत करायच्या आहेत, एवढेच बोलणे. चौदाव्या दिवशी तो आला नाही. चिंतामणरावांनी दार दुपारपर्यंत नुसते लोटून ठेवले होते.

दुसरी मुद्रिते त्यांनी एकट्याने तपासली. बोट ठेवणारे कोणी नव्हते, म्हणून एक हात हस्तलिखितावर आणि दुसरा छापील कागदावर ठेवून ते वाचीत. देवळ्याच्या शाखेत त्यांना सतरा चुका सापडल्या, इंदूरच्या शाखेत नऊ. पान दोनशे चौदा, म्हणजे त्यांचे स्वतःचे घराणे, त्यांनी वाचलेच नाही. ते सबंध पान त्यांना पाठ होते, आणि त्यावर मालिनीबाईंच्या नावापुढे 'कै.' पडले आहे की नाही, एवढे पाहून त्यांनी कागद उलटला.

ग्रंथाचे प्रकाशन जानेवारीत गंगापूर रस्त्यावरच्या एका सभागृहात झाले. दोनशेच्या वर कोठनीस जमले होते. फेटे, अत्तर, नाकापेक्षा मोठ्या नथी, आणि जो तो सूचीत आपले नाव शोधत होता. चिंतामणराव पहिल्या रांगेत बसले होते. तेथे एक मुलगी ग्रंथ छातीशी धरून त्यांच्याजवळ आली आणि वाकून पाया पडली. तेरा दिवसांत त्यांनी तिला गर्दीत पाहिले होते, पण बोलणे असे झाले नव्हते. यशश्री आता वीस वर्षांची होती आणि कायद्याचे शिक्षण घेत होती.

"आजोबा, एक विचारू? ही फुली कशाची असते?"

तिने विचारावे आणि आपण सांगावे, याचा त्यांना आनंद झाला. ग्रंथाकडे न पाहताच ते म्हणाले, "चिन्हांची सूची अकराव्या पानावर आहे. विवाहित पुरुष, साठीच्या पुढे, अपत्याची नोंद नाही, अशा नावापुढे फुली घातली आहे. फुली म्हणजे वंश पुढे नाही."

"हो, ते वाचलं मी," यशश्री म्हणाली. "तुमच्या नावापुढे आहे."

त्यांनी ग्रंथ तिच्या हातून घेतला. पान दोनशे चौदा. चिंतामण गोविंद, पत्नी कै. मालिनी, आणि पुढे, अकरा अन्य निपुत्रिकांच्या नावांपुढे होती तशीच, बारीक, काळी, सुबक फुली. ती कोणी मुद्दाम घातली नव्हती. नियम ललितला त्यांनीच दिला होता, ललितने तो संगणकाला दिला होता, आणि नोंद नसलेल्या प्रत्येक नावापुढे फुली बरोबर पडली होती.

"सखोपंताला अठ्ठावीस पानं दिलीत, आजोबा," ती हळू आवाजात म्हणाली. "तो तर नव्हताच."

त्यांनी ग्रंथ मिटून शेजारच्या खुर्चीवर ठेवला.

"मी भांडायला नाही आले. बाबांना हे दाखवू की नको, एवढंच विचारायचं होतं. आजी असती तर तिला विचारलं असतं."

त्याच वेळी ध्वनिक्षेपकावरून त्यांचे नाव पुकारले गेले. दोघे तरुण त्यांना धरून व्यासपीठावर घेऊन गेले. शाल पांघरली, श्रीफळ हाती दिले, आणि सर्व कोठनीसांनी उभे राहून टाळ्या वाजविल्या. कुळाचा वंशवृक्ष ज्यांनी तळहातावर जपला, असे कोणीसे म्हणाले. व्यासपीठावरून त्यांनी पाहिले, तेव्हा पहिल्या रांगेत यशश्री नव्हती आणि खुर्चीवर ठेवलेला ग्रंथही नव्हता.

तिसऱ्या दिवशी त्यांनी एक प्रत काढली. पान दोनशे चौदा उघडून, पट्टी धरून, फुलीवर आडवी रेघ मारली आणि शेजारच्या कोऱ्या जागेत नकाशावर असतात तशा आपल्या रेखीव अक्षरांत तीन ओळी लिहिल्या: आल्हाद, त्याची पत्नी, कन्या यशश्री. मग धोतर बदलून ते बसने नाशिकरोडला गेले. पत्ता त्यांना पाठ होता. दरवर्षी परिपत्रके तेथेच पाठविली होती. घर मात्र ते प्रथमच पाहत होते.

आल्हादने दार उघडले. "या आप्पा," म्हणाला, पाणी दिले, पंखा लावला. सूनबाईंनी चहा आणला. चिंतामणरावांनी ग्रंथ उघडून त्याच्यासमोर धरला आणि चूक कशी घडली ते क्रमवार सांगितले: नियम, संगणक, दुसरी मुद्रिते, न वाचलेले पान. आल्हादने ते सर्व ऐकून घेतले. हाताने लिहिलेल्या ओळींवरून त्याने एकदा अंगठा फिरवला.

"छान अक्षर आहे अजून," तो म्हणाला.

"पुरवणी लवकर काढण्याविषयी मी कुलवृत्तान्ताच्या समितीला लिहिलं आहे."

"आप्पा," आल्हाद म्हणाला, आणि त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर चिंतामणरावांना बरे वाटले असते. "मी त्या रविवारी पुस्तकासाठी आलो नव्हतो."

"मला ठाऊक आहे."

"तेव्हा ठाऊक होतं?"

चिंतामणराव खोटे बोलत नसत. "होतं," ते म्हणाले.

आल्हादने मान हलविली. ग्रंथ मिटून त्याने तो काचेच्या कपाटात, यशश्रीच्या पुस्तकांशेजारी ठेवला. मग त्यांना बसथांब्यापर्यंत पोहोचवायला तो खाली आला, आधारासाठी त्याने त्यांचा दंडही धरला. बस आल्यावर म्हणाला, "सावकाश चढा." पुन्हा या, असे म्हणाला नाही. मी येतो, असेही नाही.

समितीने पुरवणीचा विषय पुढे ढकलला, मग तो कोणी काढला नाही. ललितने सुचविले, "आप्पाकाका, शुद्धिपत्र ग्रुपवर टाकतो ना. एका मिनिटात सगळ्यांना जाईल."

"टाक," ते म्हणाले. "पण छापलेली फुली त्यानं निघत नाही."

ग्रंथाच्या दोनशे त्र्याऐंशी प्रती गेल्या होत्या. कोणती कोणाकडे, याची नोंद अर्थातच त्यांच्याजवळ होती. फेब्रुवारीपासून अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी चिंतामणराव पिशवीत दौत, टाक, पट्टी आणि टीपकागद घेऊन घरोघर जाऊ लागले. आधी पंचवटी, मग कॉलेज रोड, मग वणी. वणीच्या ज्या कोठनीसांना मुदत संपल्याचे कळविले होते, त्यांनी प्रत घेतलीच नव्हती, तरी चिंतामणराव त्यांच्याकडेही गेले. त्यांनी चहा दिला आणि देवीच्या यात्रेच्या गर्दीवर बोलत राहिले. कोणी हसत, कोणी हळहळत, कोणी प्रत माळ्यावर टाकली आहे म्हणून दुसऱ्या दिवशी बोलावत. ते दुसऱ्या दिवशी जात.

गेल्या आठवड्यात ते देवळ्याला होते. कांद्याच्या चाळीमागे वत्सलाबाई कोठनीस यांचे घर. त्या चिंतामणरावांच्याच वयाच्या, विधवा, बोलायला मोकळ्या. पुस्तक शोधायला त्यांना बराच वेळ लागला. ते धान्याच्या डब्याखाली टेकू म्हणून घातलेले होते.

"रागावू नका हो आप्पा. डबा लय डुगडुगत होता, आणि पुस्तक नेमकं त्या मापाचं निघालं."

"पानं शाबूत आहेत," ते म्हणाले. "तेवढं पुरे."

त्यांनी ओटीवर मांडी घातली, पान दोनशे चौदा उघडले, पट्टी धरून रेघ मारली आणि तीन ओळी लिहिल्या. प्रत्येक अक्षरापूर्वी ते थोडे थांबत. वत्सलाबाई वाकून वाचत होत्या.

"आल्हाद. हा तुमचा कोण?"

"मुलगा."

"अगंबाई, मुलगा आहे? मला वाटलं, तुम्ही दोघंच होतात. कुठं असतो?"

"नाशिकरोडला."

"मग जवळच की. येतो ना घरी?"

चिंतामणराव ओळ वाळण्याची वाट पाहत होते. त्यांनी टीपकागद ठेवला, तळहाताने हलकेच दाबला, उचलला आणि पाहिले. अक्षर कोठे फिसकटले नव्हते.

"त्याची आई असताना यायचा," ते म्हणाले, आणि पिशवीतून यादी काढून वत्सलाबाईंच्या नावापुढे खूण करून पुढचा पत्ता पाहू लागले.